शिजलेलें अन्न आणि निर्धोक अन्न

अग्नीच्या संस्कारानें सर्व अन्न शुद्ध होतें, अशी आपल्या लोकांची पूर्वापार समजूत आहे. दुधास उकळी आली, आमटीस कढ आला, भाकरी तव्यावर फुगली, म्हणजे पदार्थांत कांहीं दोष उरला नाहीं असें मानून आपण निर्धास्तपणें पानावर बसतों. ही समजूत सर्वस्वीं खोटी नाहीं. कच्च्या पदार्थांतील बहुतेक रोगजंतु उकळीच्या उष्णतेनें मरतात, व ज्या घरांत पाणी आणि दूध उकळून घेण्याची चाल आहे त्या घरांत हगवण व विषमज्वर कमी शिरतात. परंतु जंतु मरणें आणि विष नाहींसें होणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बुरशीनें दाण्यांत, किंवा जंतूंनीं शिजलेल्या भातांत, एकदां विष तयार केलें म्हणजे ती बुरशी वा ते जंतु मेल्यावरही तें विष तसेंच राहतें. चुलीची आंच त्यास पुरी पडत नाहीं. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यानें कसे अनर्थ होतात, व ते टाळण्यास शेतकऱ्याच्या घरीं काय करतां येण्याजोगें आहे, याचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

भगरीचें उदाहरण

फार दूरचें उदाहरण घ्यावयास नको. सन २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यांत एका पंधरवड्याच्या अंतरानें दोन मोठे प्रसंग घडले. ता. ६ रोजीं, एकादशीस, नांदेड जिल्ह्यांतील लोहा तालुक्यांत कोष्टवाडी येथें एका धार्मिक कार्यक्रमांत प्रसाद घेतलेल्या सुमारें दोन हजार लोकांस उलट्या व जुलाब सुरू झाले. पुढें ता. २० रोजीं, पुन्हां एकादशीसच, बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार तालुक्यांत सोमठाणा येथें सप्ताहांतील भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेंकडों माणसें आजारी पडलीं. बिबी येथील रुग्णालयांत खाटा पुरेनात. तेव्हां रोग्यांस उघड्यावर निजवून, झाडांस दोऱ्या बांधून, त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. महाशिवरात्र, नवरात्र व एकादशी या दिवशीं भगरीपासून बाधा झाल्याच्या लहानमोठ्या बातम्या मराठवाड्यांत आतां वरचेवर ऐकूं येतात.

आमच्या परंड्यावरून आषाढांत पैठणच्या श्रीएकनाथमहाराजांची पालखी पंढरीस जाते. वारकऱ्यांस जेवूं घालणें हें या भागांतील लोक मोठें भाग्य समजतात, आणि तें तसें आहेही. परंतु ज्या दिवसांत ही सेवा घडते ते दिवस पावसाचे, दमट हवेचे, पंक्ती शेंकडोंच्या, आणि एकादशी जवळ असल्यामुळें भगरीचा खप मोठा. म्हणून वरील दोन गांवांची गोष्ट ही परक्या मुलखाची गोष्ट समजून सोडून देण्याजोगी नाहीं.

भगरीच्या बाबतींत असें कां होतें, याचा खुलासा अन्न व औषध प्रशासनानें वेळोवेळीं काढिलेल्या सूचनांत केलेला आहे. भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशीचा प्रादुर्भाव मोठ्या प्रमाणावर होतो. हवा उष्ण व दमट असली म्हणजे ती बुरशी वाढून फ्युमिगाक्लेविनसारखीं विषद्रव्यें दाण्यांत उत्पन्न करते. भगरीचें तयार पीठ तर अधिकच धोक्याचें. कारण पीठ हवेंतील ओल दाण्यापेक्षां लवकर शोषून घेतें, आणि पिठांत मिसळून गेलेली बुरशी डोळ्यांस दिसत नाहीं. यावरून पुढील नियम सहज निघतात. भगर सुटी न घेतां नांवनिशीच्या बंद पुड्यांतील घ्यावी; पुड्यावरील तारीख पाहावी; उपासापुरतीच घ्यावी, मागील उपासाची उरलेली पुढील उपासास वापरूं नये; घरीं निवडून, स्वच्छ धुऊन मग शिजवावी; पीठ हवेंच असेल तर भगर निवडून त्याच दिवशीं दळून घ्यावी; आणि वास कुबट आला तर मोह न धरतां टाकून द्यावी.

बुरशीचें विष

बुरशीचा हा दोष केवळ भगरींत आहे असें मात्र नाहीं. सन १९६० सालीं इंग्लंडांत टर्की जातीचे सुमारें एक लाख पक्षी अल्पकाळांत मेले. शोध करितां त्यांस घातलेल्या भुइमुगाच्या पेंडींत बुरशीचें एक विष सांपडलें. त्यास पुढें अफ्लाटॉक्सिन असें नांव पडलें. हें विष यकृताचा नाश करतें, व थोड्या प्रमाणांत वर्षानुवर्षें पोटांत जात राहिलें तर यकृतांत कर्करोग उत्पन्न करतें. आपल्या देशांत धान्य, कडधान्य व शेंगदाणे यांत तें एका किलोस १५ मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक असूं नये असा कायद्याचा दंडक आहे. एका ग्रॅमचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील एका भागास मायक्रोग्रॅम म्हणतात. यावरून हें विष किती तीव्र आहे याची कल्पना यावी.

सन १९७४ च्या पावसाळ्याअखेर राजस्थानांतील बांसवाडा व गुजराथेंतील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत अवेळीं पावसानें मका भिजला. गरीब भिल्ल कुटुंबांनीं तोच मका सांठवून खाल्ला. थोड्याच दिवसांत गांवोगांव लोकांस कावीळ झाली, पोटांत पाणी सांचलें, आणि शंभराहून अधिक माणसें दगावलीं. त्या घरांतील कुत्रींही तेंच अन्न खाऊन मेलीं. पुढें सन १९९५ सालीं आपल्याच दख्खनच्या पठारावर, कर्नाटक व आंध्र प्रदेशांतील २७ खेड्यांत, पावसांत भिजून बुरसलेल्या ज्वारीच्या व मक्याच्या भाकरी खाल्लेल्या लोकांस पोटांत कळा व जुलाब सुरू झाले. तेथें फ्युमोनिसिन नांवाचें दुसरें बुरशीविष आढळलें. ज्या घरांनीं भिजलेलें धान्य खाल्लें नव्हतें तीं घरें निरोगी राहिलीं.

या दोन्ही ठिकाणीं धान्य कच्चें खाल्लें नव्हतें. भाकरी करूनच खाल्लें होतें. तव्याची उष्णता या विषांस नाहींसें करूं शकत नाहीं. धान्य धुतल्यानें वरची बुरशी जाते, उन्हांत घातल्यानें ती वाढावयाची थांबते, दळल्यानें ती दिसेनाशी होते. परंतु दाण्यांत उतरलेलें विष या तिन्ही उपायांनीं निघत नाहीं. शेंगदाण्यांत काळे, सुरकुतलेले व बुरसलेले दाणे हातानें निवडून काढल्यास विषाचा बराच भाग निघून जातो. तो निवडलेला कचरा मात्र घाण्यास घालूं नये, कारण त्याच्या कच्च्या तेलांत व पेंडींत विष उतरतें.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें बोलणें आम्हांस अवश्य वाटतें. आपण अन्नास पूर्णब्रह्म म्हणतों, व तें टाकावयास आपला हात धजत नाहीं. तेव्हां भिजलेली, काळी पडलेली ज्वारी घरांत न खातां सालगड्यास द्यावी, मजुरीच्या वांट्यांत घालावी, पेंड बुरसली तर दुभत्या गाईपुढें टाकावी, अशी वहिवाट पुष्कळ घरीं असते. यानें अन्न वांचत नाहीं. विष तेवढें दुसऱ्याच्या पानांत जातें. बांसवाड्यास मेले ते गरीबच होते. आणि गाईस दिलेली बुरसलेली पेंड तर आपल्याच घरीं परत येते. कारण तें विष रूप पालटून तिच्या दुधांत उतरतें, आणि दूध उकळल्यानेंही जात नाहीं. तेंच दूध आपण लहान मुलांस पाजतों. म्हणून अन्न टाकण्याचें पाप टाळावयाचें तर तें धान्य खराब झाल्यावर नव्हे, खळ्यावर व कोठारांत टाळलें पाहिजे.

वाळविणें व सांठविणें

बुरशीस वाढावयास ओल लागते. ओल नाहीं तर बुरशी नाहीं. ज्वारी सांठवितांना तींत शेंकडा १२ पेक्षां अधिक ओल नसावी. तूर, हरभरा आदि कडधान्यें याहूनही कोरडीं, शेंकडा ९ ते १० ओलीचीं असावीं. दाताखालीं दाणा कटकन् फुटला पाहिजे, चेपतां उपयोगी नाहीं, ही आपल्या वडिलांची कसोटी चांगलीच आहे. तिच्या जोडीस आणखी एक सोपी परीक्षा करावी. कांचेच्या पूर्ण कोरड्या बरणींत दोनतीन चमचे कोरडें मीठ घ्यावें, बरणीचा तिसरा हिस्सा भरेल इतकें धान्य घालावें, झांकण लावून मिनिटभर हालवावें व कांहीं वेळ स्थिर ठेवावें. मीठ कांचेस चिकटलें तर धान्यांत शेंकडा १५ हून अधिक ओल आहे असें समजावें व तें पुन्हां वाळवावें. मीठ सुटें राहिलें तरी दाताची परीक्षा चुकवूं नये.

कणसें खळ्यावर असतां अवकाळी पाऊस आला तर भिजलेली व कोरडी रास एकत्र करूं नये. कोरडी वेगळी मळावी. भिजलेली पातळ पसरून, वरचेवर हालवून, शक्य तितकी लवकर वाळवावी. एक पोतें ओलें धान्य शेजारच्या दहा पोत्यांस ओल देतें. पोतीं जमिनीवर न रचतां लांकडी फळ्यांवर रचावीं, भिंतीपासून हातभर अंतर ठेवावें, आणि जुन्या धान्यावर नवें ओतूं नये. कणगी किंवा पत्र्याची कोठी भरण्यापूर्वीं झाडून उन्हांत तापवावी. तुरीच्या डाळीस एरंडेलाचा हात फिरविण्याची बायकांची रीत किडीविरुद्ध उपयोगी आहे.

आपल्याकडील जुन्या पेंवांचें तत्त्वही ध्यानांत घेण्यासारखें आहे. पेंव भरून तोंड बंद केलें म्हणजे दाणे व कीड यांच्या श्वासोच्छ्वासानें आंतील प्राणवायु संपत जातो, व त्यामुळें किडीस जगतां येत नाहीं. परंतु धान्य ओलें असेल किंवा भिंतीतून पाणी पाझरत असेल तर पेंवांतील कडेचा थर नासतो. तो मध्यल्या धान्यांत मिसळूं देऊं नये. पेंव उघडल्यावर त्यांत तत्काळ उतरणें प्राणघातक असतें. तोंड पुष्कळ वेळ मोकळें ठेवावें, दिवा सोडून पाहावा, आणि दिवा मंदावला किंवा विझला तर कोणासही उतरूं देऊं नये. आतां अनेकपदरी हवाबंद पिशव्या मिळतात. त्या याच तत्त्वावर चालतात, व त्यांत उतरण्याचा धोका नाहीं.

धान्यांत ठेवावयाच्या विषारी गोळ्यांविषयीं इशारा देणें हें आमचें कर्तव्य आहे. त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. हवेंतील ओलीनें त्यांतून फॉस्फिन नांवाचा अति विषारी वायु निघतो व तो बंद खोलींत पसरतो. या विषावर उतारा नाहीं. ज्या खोलींत धान्यास अशा गोळ्या लाविल्या त्या खोलींत किंवा शेजारीं निजलेलीं मुलेंमाणसें सकाळीं उठलीं नाहींत, असे प्रसंग अनेक घडले आहेत. राहत्या घरांत हें औषध कोणत्याही कारणानें वापरूं नये.

शिजविल्यानंतरचा काळ

आतां शिजलेल्या अन्नाकडे वळूं. तांदळांत व इतर धान्यांत मातींतून आलेल्या कांहीं जंतूंचीं बीजें असतात. त्यांस कठीण कवच असल्यानें तीं शिजवितांनाही मरत नाहींत. भात कोमट राहिला कीं तीं रुजतात, वाढतात आणि भातांत विष सोडतात. त्यांपैकीं एक विष तर १२१ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत दीड तास ठेविलें तरी नष्ट होत नाहीं. मग सकाळच्या फोडणीनें तें काय जाणार? मांसाच्या रश्श्यांत व आमटीच्या मोठ्या पातेल्यांत दुसऱ्या जातीचे जंतु असेच वाढतात. हातावरील फोड, जखम किंवा नाकांतून आलेले जंतु खवा, पेढे व बासुंदी यांत पडून वाढले तर त्यांचेंही विष उकळीस दाद देत नाहीं.

५ अंशांपासून ६० अंशांपर्यंतची उष्णता ही या जंतूंच्या वाढीची सुगी होय. म्हणून शिजलेलें अन्न एक तर वाफा निघतील इतकें गरम असावें, नाहीं तर चांगलें थंड असावें. कोमट अवस्थेंत तें दोन तासांहून अधिक राहूं नये. आणि आपल्याकडील चैत्र-वैशाखांत एक तासाहून अधिक नको. उरलेला भात किंवा आमटी खोल पातेल्यांत तशीच झांकून ठेविली तर तिचा मध्य कित्येक तास कोमट राहतो. ती परातींत किंवा पसरट ताटांत पातळ पसरून लवकर निववावी व मग थंड जागीं ठेवावी. पुन्हां वाढतांना खळखळून कढ आणावा, व एकदां गरम केलेलें उरल्यास पुन्हां ठेवूं नये.

शिळें अन्न खाऊन आमचे वाडवडील धडधाकट राहिले, असा आक्षेप यावर येईल. तो रास्त आहे. पण ते कोणतें शिळें खात, हें पाहावें. ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजलेले फुटाणे, ताक व लोणचें. पहिल्या तिहींत जंतूंस पुरेल इतकें पाणी नाहीं. शेवटच्या दोहोंत आंबटपणा व मीठ आहे. शेताच्या शिदोरींत भात व पातळ आमटी क्वचितच असे. आज शिदोरी पालटली आहे, तेव्हां तिचे नियमही पालटले पाहिजेत.

शीतकपाट व गोठलेले पदार्थ

हल्लीं गांवोगांव शीतकपाट, म्हणजे फ्रीज, आलें आहे. तें मोठें सोयीचें आहे. परंतु त्याविषयींही चुलीसारखीच एक चुकीची समजूत रूढ होत आहे, ती अशी कीं त्यांत ठेविलेलें अन्न बिघडतच नाहीं. थंडीनें जंतु मरत नाहींत, ते निजतात. कपाट ५ अंशांच्या खालीं व बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांवर असावा. कच्चें मांस व मासे नेहमीं खालच्या फळीवर बंद भांड्यांत, आणि शिजलेलें अन्न वर ठेवावें. म्हणजे कच्च्याचें पाणी शिजलेल्यावर ठिबकणार नाहीं. मांस चिरलेली विळी व पाट धुतल्याशिवाय त्यांवर कोशिंबीर चिरूं नये.

गोठलेलें मटण, कोंबडी किंवा मासे ओट्यावर टाकून विरघळविण्याची रीत चुकीची आहे. कारण आंत बर्फ असतांनाच बाहेरचा थर कोमट होऊन त्यांत जंतु वाढूं लागतात. आदल्या रात्रीं तो पदार्थ भांड्यांत घालून खालच्या फळीवर ठेवावा. घाई असेल तर घट्ट पिशवींत बांधून थंड पाण्यांत बुडवावा, दर अर्ध्या तासानें पाणी बदलावें, आणि विरघळतांच शिजवावा. मोठा तुकडा आंत गोठलेला असतां चुलीवर चढविल्यास बाहेरून शिजलेला दिसतो व आंत कच्चा राहतो. कोंबडीचा रस स्वच्छ निघे व हाडापाशीं लाली राहणार नाहीं तोंवर ती शिजवावी.

वीज गेल्यास दार उघडूं नये. बंद कपाटांत गारवा सुमारें चार तास टिकतो. बर्फाचा कप्पा पूर्ण भरलेला असल्यास दोन दिवस, अर्धा भरलेला असल्यास एक दिवस. याहून अधिक वेळ वीज नसेल तर दूध, मांस व शिजलेले पदार्थ ठेवूं नयेत.

मोठ्या पंक्ती व बाधेचे उपचार

सप्ताह, लग्न व दिंडी यांच्या पंक्तींस वरील सर्व नियम दुप्पट काळजीनें लागू आहेत. रात्रीं शिजवून दुसऱ्या दिवशीं दुपारीं वाढूं नये. पंगत लांबल्यास दुसरें पातेलें नंतर चढवावें. वाढणाऱ्यास जुलाब होत असतील किंवा हातास जखम असेल तर त्यास दुसरें काम द्यावें. आमची हयात दप्तर सांभाळण्यांत गेली, म्हणून आणखी एक सूचना करितों: भगर, तेल, दूध कोठून व केव्हां आणलें, पातेलें केव्हां उतरलें, पंगत केव्हां बसली, याची टीप एका कागदावर ठेवावी, आणि प्रत्येक पदार्थाची वाटी झांकून दोन दिवस शीतकपाटांत राखावी. प्रसंग आलाच तर वैद्यकीय अधिकाऱ्यास कारण शोधावयास याइतकी दुसरी मदत नाहीं.

उलट्या-जुलाब सुरू झाल्यास प्रथम पाण्याची तूट भरून काढावी. एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तें घोटघोट पाजीत राहावें. लहान मूल, म्हातारें माणूस किंवा गर्भवती स्त्री असेल, शौचांत रक्त असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी बंद झाली असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां दवाखाना गांठावा, व काय खाल्लें तें तेथें सांगावें.

हे सर्व नियम पाळावयास खर्च जवळजवळ नाहीं. येत्या सुगीस प्रत्येक सभासदानें कोठी भरण्यापूर्वीं मिठाची परीक्षा करावी, आणि येत्या आषाढापूर्वीं प्रत्येक गांवच्या मंडळींनीं भगर खरेदीचें व पातेल्यांच्या वेळेचें काम एका जबाबदार माणसाकडे सोंपवावें, इतकी आमची विनंति आहे.